पत्र्याखालचं आदर्श कुटुंब

"तुमचे मिस्टर जरा पूरग्रस्त दिसतात हो," कोरगावकर साहेब माझ्या आईला म्हणाले.

नाना तिथेच उभे होते. सायकलच्या दुकानातून नुकतेच आले होते, हाताला वंगण होतं. त्यांनी आधी स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

"आम्ही पूरग्रस्तच आहोत, साहेब."

"ते झालंच हो. पण मंत्रीसाहेबांना पूरग्रस्त दाखवायचे नाहीत, पुनर्वसित दाखवायचेत. त्यात फरक असतो."

"काय फरक असतो?"

"अंगावर दिसतो," असं म्हणून साहेबांनी नानांच्या गालफडांकडे असं पाहिलं, की जणू तिथे सरकारचं काहीतरी देणं राहून गेलंय.

कोरगावकर साहेब आमच्या नवजीवन वसाहतीचे पुनर्वसन अधिकारी. माणूस वाईट नव्हता. आम्हाला झोपड्या वाटताना त्यांनीच सांगितलं होतं, सहा महिन्यांची तात्पुरती सोय आहे, तोवर जरा सांभाळून घ्या. आम्ही सांभाळून घेत होतो. महापुरात नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या तेव्हा मी दुसरीत होते. आता पाचवीत गेले होते आणि सहा महिने अजून चालूच होते.

त्या झोपड्या महायुद्धात गोऱ्या सोल्जरांसाठी आणलेल्या. युद्ध संपलं, सोल्जर गेले, पत्रे लष्कराच्या गोदामात पडून राहिले. पूर आल्यावर कोणाला तरी त्यांची आठवण झाली. आडवं पिंप मधोमध कापून जमिनीवर पालथं घालावं तसं एकेक घर. भिंत म्हणजेच छप्पर आणि छप्पर म्हणजेच भिंत. कपाट टेकायला सरळ जागा नाही. कॅलेंडर लावलं तर ते भिंत सोडून पुढे लोंबायचं, आणि देवाच्या तसबिरी भक्तांवर पडू की काय अशा वाकून पाहायच्या. घराच्या कडेला गेलं की मान वाकवावी लागे. ती सवय इतकी लागली होती, की आमच्या वसाहतीतली माणसं बाजारातसुद्धा भिंतीजवळून जाताना डोकं तिरकं करायची.

एका पिंपात दोन बिऱ्हाडं. मध्ये गोणपाटाचा पडदा. पलीकडच्या अर्ध्यात शेवंतामावशी, तिचा नवरा आणि तिचं तान्हं बाळ. शेवंतामावशीकडे भाकरी थापली की आमच्याकडे ऐकू येई.

आता राज्याचे मंत्री वसाहत बघायला येणार होते आणि दाखवण्यासाठी कोरगावकर साहेबांनी आमचं पिंप निवडलं होतं. आमचं पिंप मोक्याचं. वसाहतीत शिरल्या शिरल्या पहिलं, आणि दारात कडुनिंब. सगळ्या वसाहतीत झाड म्हणावं असं ते एकच. मंत्र्यांना फार आत न नेता सगळी वसाहत दाखवायची तर हेच घर सोयीचं होतं.

"घर तुमचंच राहील," साहेब आईला समजावत म्हणाले, "फक्त त्या दिवसापुरतं कुटुंब दुसरं ठेवू."

"दुसरं म्हणजे?"

"धनवड्यांना सांगितलंय मी."

आमच्या वसाहतीतल्याच बाळासाहेब धनवड्यांचं घर वाहून गेलं होतं, पण त्यांची एक पिठाची गिरणी होती. ती उंचावर असल्यामुळे पुरातून वाचली होती. गिरणी वाचली तसे धनवडेही वाचले होते, म्हणजे आकाराने. गोल चेहरा, भरघोस मिशी, आणि बोलताना हात पोटावर. पुनर्वसित माणूस कसा असावा हे सरकारने त्यांना पाहूनच ठरवलं असेल असं वाटायचं.

"म्हणजे धनवडेभावोजी माझ्या घरात माझे यजमान म्हणून बसणार?" आईने विचारलं.

"छे छे! त्यांची पत्नीही असेलच. तुम्ही मागे स्वयंपाक बघा. पुरणपोळीचा नुसता वास आला तरी पुरे. मंत्रीसाहेब दहा मिनिटं बसतील, चहा घेतील आणि जातील."

नाना म्हणाले, "साहेब, एक विचारू का? आम्ही इतके सुखात दिसलो तर सरकार आम्हाला पक्की घरं कशाला देईल?"

कोरगावकर साहेब समजूतदार हसले. "खळदकर, सरकार असं चालत नाही. सरकार रडणाऱ्याला देत नाही, खूश झालं की देतं. साहेब खूश झाले तर दिवाळीच्या आत इथे विटा येऊन पडतील. माझा शब्द आहे."

विटांचं नाव निघालं आणि नानांचा प्रश्न तिथेच मिटला. विटा म्हणजे आमच्या वसाहतीत सोनंच होतं. बायका संध्याकाळी नळावर जमल्या की पक्क्या घरात चूल कुठे ठेवायची यावर भांडायच्या.

पुढची अडचण मुलांची आली. धनवड्यांना पाच मुलगे होते. कोरगावकर साहेबांनी पाचही जणांना रांगेत उभं करून पाहिलं आणि मान हलवली.

"पाच नाही चालणार. सरकारचं धोरण दोन, फार तर तीन. एक मुलगा ठेवा. एक मुलगी लागेल."

"मुलगी आमच्याकडं नाही," धनवडेकाकू ओशाळून म्हणाल्या.

साहेबांची नजर माझ्यावर आली. "ही बोलते का स्वच्छ?"

"शाळेत पाठांतरात पहिली येते," नानांनी सांगितलं. मग त्यांच्या लक्षात आलं असावं आपण काय बोलून बसलो ते, पण साहेबांनी तोवर मला धनवड्यांच्या शेजारी नेऊन उभं केलं होतं.

"छान. बाप-लेक शोभतात."

गोणपाटाचा पडदा काढला गेला. दोन बिऱ्हाडांचं सामान मागच्या पिंपात नेऊन कोंबलं. कुठून तरी एक सोफा आला, एक रेडिओ आला, विजेचा पंखा आला. वसाहतीत वीज नव्हती. पंखा नुसता टेबलावर ठेवायचा होता. जागा भरल्यावर साहेब सगळीकडून फिरून पाहू लागले आणि कमानीच्या मधोमध टांगलेल्या पाळण्यापाशी थांबले.

तो पाळणा आमचा. बरेच महिने रिकामाच होता. आई तो उतरवत नव्हती आणि का उतरवत नाही हे घरात कोणी तिला विचारत नव्हतं.

"पाळणा झकास आहे," साहेब म्हणाले. "पण रिकामा कशाला? रिकामा पाळणा वाईट दिसतो. एखादं गुटगुटीत बाळ घाला त्यात."

नाना पटकन म्हणाले, "साहेब, तो काढूनच टाकतो मी."

"अहो, काढू नका! घराला शोभा आहे ती."

शेवंतामावशीने आईकडे पाहिलं. आई पदराला हात पुसत होती, हात कोरडे असूनही. मग ती म्हणाली, "शेवंता, तुझं घाल गं बाळ," आणि बाहेर निघून गेली.

*

मंत्री सकाळी नऊला येणार होते. वैशाखाचे दिवस. नऊला पत्रा तापू लागतो, अकराला हात लावता येत नाही, आणि दुपारी आत माणूस राहत नाही. दुपारची सगळी वसाहत आमच्या एका कडुनिंबाखाली येऊन बसायची, सावली जशी सरकेल तशी सरकायची.

कोरगावकर साहेबांनी त्याचाही बंदोबस्त केला होता. सबंध पिंपावर गोणपाटं अंथरली. उन्हाळ्यात नळ पुरत नसे म्हणून वसाहतीला एक दिवसाआड पिण्याच्या पाण्याचा टँकर यायचा, तो त्या दिवशी आमच्या पिंपामागे आणून उभा केला. ते पाणी छपरावर ओतायचं. अर्धगोल पत्र्यावर शिडी लावून चढायला हलका माणूस हवा होता.

"खळदकर, तुमच्या अंगकाठीला हे बरोबर आहे," साहेब म्हणाले. नाना मुकाट्याने वर चढले. खालून बायका बादल्या भरभरून देत होत्या. त्यांच्या घरी हंडे रिकामे होते.

नऊ वाजले, दहा वाजले, अकरा वाजले. नाना पाणी ओतत होते. आत सोफ्यावर धनवडेकाका कोट घालून बसले होते. तो कोट साहेबांनी उसना आणलेला. त्यांच्या पायाशी रमेश, त्यांचा तिसरा मुलगा, आणि मी. पाळण्यात शेवंतामावशीचं बाळ झोपलेलं. आणि खरं सांगते, आत इतकं गार होतं की मला तिथून उठावंसंच वाटेना. इतकी वर्षं त्या घरात राहून ते घर असंही होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं.

बाराच्या पुढे केव्हातरी गाड्या आल्या.

मंत्री आत आले. उंच, पांढरे कपडे, चेहऱ्यावर दमणूक. त्यांच्यामागे कोरगावकर साहेब, आणि त्यांच्यामागे वसाहतीचे सेक्रेटरी सबनीस मास्तर, हातात हार आणि खिशात स्वागतगीत. मंत्र्यांनी दारात मान वाकवली, आत पाऊल टाकलं आणि तिथेच थबकले.

"अरे वा! काय गारवा आहे हो!"

"पत्रा खास आहे, साहेब," कोरगावकर म्हणाले. "परदेशी बनावट."

मास्तरांनी गळ्यात हार घातला आणि मंत्री सोफ्यावर बसले, डोळे मिटून त्यांनी श्वास सोडला. "आणि हा पाण्याचा आवाज येतोय तो?"

छपरावरून पाणी गोणपाटांतून झिरपून पत्र्यावरून खाली घरंगळत होतं.

"झरा आहे, साहेब. मागच्या बाजूला."

"झरा! आम्हाला मुंबईत बंगल्यावर हे सुख नाही." मंत्री धनवड्यांकडे वळले. "कसं काय, आनंदात आहात ना?"

तालमीत धनवडेकाकांना एवढंच सांगितलं होतं, की 'होय साहेब, सरकारची कृपा' म्हणायचं. पण सोफा, कोट आणि समोर प्रत्यक्ष मंत्री यांचा त्यांच्यावर परिणाम झाला. त्यांनी हात पोटावर ठेवला.

"आनंदात म्हणजे काय साहेब! आता दुसरीकडं झोपच येत नाही आम्हाला. परवा साडूकडं गेलो होतो, पक्कं दगडी घर त्याचं. रात्रभर तळमळलो. शेवटी मंडळीच म्हणाली, चला बाई आपल्या पत्र्यात."

धनवडेकाकूंनी मान डोलावली. कोरगावकर साहेबांचा चेहरा फुलला. मंत्र्यांचाही फुलला.

"बघा!" मंत्री म्हणाले. "आणि तिकडे फायली येतात माझ्याकडे, पक्की घरं द्या म्हणून. इतकी उत्तम घरं असताना घाई काय आहे? कोरगावकर, ते सिमेंट दुसरीकडे फार निकडीचं आहे. इथला पक्क्या घरांचा विषय आपण सध्या बाजूला ठेवू. काय?"

कोरगावकर साहेबांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त आतला माणूस निघून गेला. "होय साहेब," ते म्हणाले.

धनवडेकाकांचा हात पोटावरून खाली आला.

दाराबाहेर दोरीपलीकडे सगळी वसाहत उभी होती. पत्र्याच्या घरातलं बोलणं बाहेर जसंच्या तसं ऐकू जातं. बाहेर कोणी खोकलंसुद्धा नाही. आणि त्या शांततेत माझ्या लक्षात आलं, की छपरावरचा पाण्याचा आवाज बंद झालाय.

मंत्री उठायच्या बेतात होते. तेवढ्यात मागच्या दाराने आई आली. तिच्या हातात ताट होतं. ताटात पुरणपोळी, तूप, कटाची आमटी, भजी, वाफाळता भात. साहेबांनी शिधा दिला होता तो फक्त वासापुरता.

"साहेब, जेवून जायचं," आई म्हणाली.

"बाई, साहेबांना वेळ नाही," कोरगावकर पुढे झाले.

"पाहुणे भर दुपारी उपाशी गेलेले बरं नाही दिसत." आईने पाट मांडला, ताट ठेवलं आणि पदर सावरून बाजूला उभी राहिली.

मंत्र्यांनी ताटाकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. मग पुन्हा ताटाकडे. "एवढं माउलीनं केलंय तर बसतो," असं म्हणून ते पाटावर बसले. "या कोण?"

धनवडेकाका गडबडले. "ह्या... ह्या स्वयंपाकाला असतात इथं."

मी आईकडे पाहिलं. मला वाटलं ती रागावेल. ती म्हणाली, "हो. इथला स्वयंपाक मीच करते."

मग ती पाळण्याकडे गेली, शेवंतामावशीच्या बाळाला अलगद उचललं आणि खांद्यावर घेतलं.

"राहू द्या की, झोपलंय ते," धनवडेकाकू म्हणाल्या.

"बाहेर नेते झाडाखाली. साहेबांचं जेवण निवांत होऊ दे."

बाळ शेवंतामावशीच्या हातात देऊन ती परत आली आणि वाढायला लागली.

आईचा तो आग्रह मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. आमच्या घरी आग्रह करण्याइतकं काही शिजतच नसे. पहिली पोळी संपायच्या आत दुसरी पडली. दुसरीवर तिने नको नको म्हणेपर्यंत तूप ओतलं. आमटी कढत होती आणि तिखटही होती. मंत्री "वा, वा" करत होते. तिसऱ्या पोळीला त्यांनी वा म्हणणं सोडलं आणि कपाळ पुसलं.

"जरा उकडायला लागलं नाही?"

"पाऊस जवळ आला असेल," सबनीस मास्तर म्हणाले.

वरची गोणपाटं वाळली होती. छपराच्या एका टोकाला ठाण् करून आवाज झाला. तापलेला पत्रा फुगला की असा वाजतो. आम्हाला त्याची सवय होती. मंत्री मात्र पाटावरच दचकले.

"हे काय?"

"काही नाही साहेब, पक्षी बसला असेल," म्हणत कोरगावकर साहेब मागच्या दाराने जवळजवळ पळतच बाहेर गेले. मी तिथून पाहू शकत होते. नाना शिडीच्या तळाशी उकिडवे बसले होते. भोवती बायका बादल्या पालथ्या घालून त्यांच्यावर बसल्या होत्या.

"पाणी? पाणी का थांबवलं?" साहेब दातओठ खात कुजबुजले.

"संपलं, साहेब," नाना म्हणाले.

साहेब आत आले तेव्हा त्यांना स्वतःलाच घाम फुटला होता. मंत्र्यांनी टेबलावरच्या पंख्याकडे बोट दाखवलं. "तो लावा बरं जरा."

"तो... दुरुस्तीला काढलाय, साहेब."

"मग वाळ्याचा पंखा असेल, वर्तमानपत्र असेल, काहीही." मंत्री उठून उभे राहिले. मान वाकवायची आठवण राहिली नाही, डोकं पत्र्याला लागलं आणि ते चटका बसून खाली बसले. धनवडेकाका तर केव्हाचे लाल झाले होते. कोट काढावा तर आत सदऱ्याला बाह्या नव्हत्या. गिरणीतून तसेच आले होते.

"चला, निघू आपण," मंत्री म्हणाले.

"साहेब, स्वागतगीत तेवढं राहिलं," सबनीस मास्तर हात जोडून आडवे आले. मास्तरांना पत्रा, पाणी, सिमेंट यांतलं काही दिसत नव्हतं. त्यांनी महिनाभर बसून ते गीत लिहिलं होतं. "लहान मुलगी म्हणणार आहे साहेब, आपली ही..."

लहान मुलीच्या तोंडावर मंत्र्यांना उठून जाता येईना. कोरगावकर साहेब मला डोळ्यांनी खुणावत होते, दोनच कडवी, दोनच. मी आईकडे पाहिलं. ती भजी घेऊन उभी होती.

"सगळं म्हण गं पमे," ती म्हणाली. "पाठ केलंयस ना?"

मी केलं होतं. मी हात जोडून सुरुवात केली.

"या या मंत्री महोदया,
पावन करण्या अमुच्या निलया!
पुराने नेले, सरकारने दिले,
पत्र्याच्या खाली नंदनवन फुले..."

पुढे सूर्य, चंद्र, हिमालय आणि सातही नद्या येत होत्या. मी एकही गाळली नाही. गंगेपाशी मंत्र्यांनी गळ्यातला हार काढला. गोदावरीपाशी कॉलरची गुंडी सोडली. छप्पर आता दोन्ही टोकांनी वाजत होतं, ठाण् ठाण्, आणि मास्तर त्यावर बोटांनी ताल धरत होते. कावेरीपाशी मंत्री माझ्या डोक्यावर हात ठेवून, "छान, छान, फार छान," म्हणत दाराबाहेर पडले. बाहेर पडले म्हणण्यापेक्षा धनवडेकाकांनी आणि त्यांनी एकाच वेळी दार गाठलं आणि त्यात मंत्री जिंकले.

कडुनिंबाखाली त्यांना खुर्ची दिली. कोणीतरी तांब्याभर पाणी दिलं. ते त्यांनी अर्धं प्यायलं आणि अर्धं डोक्यावर ओतलं. समोर शेवंतामावशीकडून बाळ घेऊन आई उभी होती. ते तिच्या खांद्यावर शांत झोपलं होतं. मंत्री काही वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

"बाई," ते म्हणाले, "बाळाला आधीच बाहेर नेलंत ते बरं केलंत."

"मागच्या वैशाखात न्यायला उशीर झाला होता," आई म्हणाली. "ते माझं होतं."

मंत्र्यांना चटकन समजलं नाही. "तुमचं? कुठे?"

"त्याच पाळण्यात."

ती रडली नाही की आवाज चढवला नाही. भाजी कितीला आणली हे सांगावं तसं तिने सांगितलं. बाळू चार महिन्यांचा होता. आई नळाच्या रांगेत उभी होती आणि मी शाळेत. शेजारणीने त्याचं रडणं ऐकलं, मग ते थांबलं म्हणून झोपला असं तिला वाटलं. दवाखान्यात ताप म्हणाले. पत्रा असं कोणी म्हणालं नाही.

"मग हे घर..." मंत्र्यांनी धनवड्यांकडे पाहिलं, धनवड्यांनी जमिनीकडे. "आणि ही मुलगी कोणाची?"

नाना पिंपामागून आले होते. अंगावरचा सदरा पाण्याने ओला, त्यात ते आणखीच बारीक दिसत होते. मी जाऊन त्यांच्याजवळ उभी राहिले. त्यांनी माझा हात धरला. उत्तर द्यायची गरज उरली नाही.

दोरीपलीकडची माणसं मंत्र्यांच्या तोंडाकडे पाहत होती. मग ते उठले आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कोरगावकर, ही परिस्थिती असह्य आहे. इथे ताबडतोब पक्कं बांधकाम झालं पाहिजे. ताबडतोब!"

वसाहतीने इतक्या टाळ्या वाजवल्या की बाळ जागं झालं.

त्या संध्याकाळी आईने मला बादलीभर पाण्याने आंघोळ घातली. त्या उन्हाळ्यातली पहिली भरलेली बादली. पिंपामागे टँकरपाशी रांग लागली होती, बायका हंडे, कळशा, डबे, मिळेल ते घेऊन आल्या होत्या. धनवडेकाकूही होत्या.

"नाना, पाणी तर संपलं होतं ना?" मी विचारलं.

"साहेबांचं संपलं होतं," नाना म्हणाले. "आपलं होतं की. अर्ध्याच्या वर टँकर होता."

"मग तुम्ही थांबलात का?"

नानांनी आईकडे पाहिलं. ती माझे केस पुसत होती. "सिमेंट दुसरीकडे लागतंय म्हणाले ना ते," नाना म्हणाले. "मी वर होतो, ऐकलं. वाटलं, बसू देत जरा. आपल्यासारखं."

"आणि आई, तुला कसं कळलं नानांनी पाणी थांबवलं ते?"

"थेंब पडायचे थांबले," आई म्हणाली. "मी म्हटलं, आता ह्यांना वाढावं."

*

कोरगावकर साहेबांनी शब्द पाळला. दिवाळीच्या आत विटा आल्या. ट्रकमागून ट्रक. मुलं विटांवर चढून नाचली, सबनीस मास्तरांनी नवीन गीत लिहायला घेतलं. पाया खणला, भिंती उठल्या, कॉंक्रीटचा स्लॅब पडला, वर चुन्याचा थर दिला. उंच खिडक्या, मागेपुढे व्हरांडा, आत गुळगुळीत शहाबादी फरशी.

एकच इमारत. ऐन मधोमध.

ती आमच्यासाठी नव्हती. मंत्र्यांना झालेला त्रास लक्षात घेऊन, यापुढे वसाहतीला भेट देणाऱ्या पाहुण्यांना पत्र्याखाली बसावं लागू नये म्हणून सरकारने ताबडतोब बांधलेलं ते विश्रांतिगृह होतं. दारावर रंगवलेली पाटी लागली, 'फक्त मान्यवरांसाठी'. कुलूप लागलं. किल्ली सबनीस मास्तरांकडे आली. आणि त्यानंतर कोणीही मान्यवर आमच्याकडे फिरकला नाही, कारण पाहण्यासारखं जे होतं ते मंत्री पाहून गेले होते.

धनवडेकाका म्हणाले, "बांधकाम पक्कं आहे पण." हे त्यांनी इतक्या गंभीरपणे म्हटलं की नानांना हसू आवरेना, आणि मग दोघेही पोट धरून हसले.

पुढच्या वैशाखात पहिल्याच तापलेल्या दिवशी आई सबनीस मास्तरांच्या दारात गेली. मागे शेवंतामावशी होती, धनवडेकाकू होत्या, कडेवर मुलं घेतलेल्या आणखी बायका होत्या.

"मास्तर, किल्ली द्या."

"इंदूवहिनी, वरून परवानगी लागेल त्याला. मी लिहितो तसं, येत्या..."

आईने हात पुढे केला आणि तसाच ठेवला. मास्तर त्या हाताकडे पाहत राहिले. मग त्यांनी आतून किल्ली आणून दिली.

मी त्या वसाहतीतून लग्न होऊन बाहेर पडले तेव्हाही पिंपं तशीच होती. पक्की घरं त्यानंतर कधीतरी आली, नानांनी ती पाहिली नाहीत. पण त्या उन्हाळ्यापासून पुढचे सगळे उन्हाळे, दुपार झाली की वसाहतीतली सगळी तान्ही मुलं त्या खोलीत असत. गार फरशीवर गोधड्या, गोधड्यांवर बाळं, ओळीने, कोणी पालथं, कोणी मुठी वळून. आयांच्या पाळ्या लावलेल्या असत. आई मात्र स्वतःची पाळी नसली तरी दारात बसून असायची.

कोरगावकर साहेब एकदा भर दुपारी अचानक तपासणीला आले. मी आईला भाकरी द्यायला गेले होते. साहेबांनी उघडं दार पाहिलं, कुलूप कुठे दिसतंय ते पाहिलं, मग पाटीवर छडी ठेवून चढ्या आवाजात विचारलं, "बाई, हे काय चाललंय? वाचता येतं ना? फक्त मान्यवरांसाठी आहे ही जागा!"

आईने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला, साहेब," ती म्हणाली. "झोपलेत ते."